क्रॅनवेल : एक माळ, एक शाळा आणि एक निबंध

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत 'जेट इंजिनाचा शोध : फ्रँक व्हिटल, १९३०' अशी एक ओळ असते. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. थोडी अधिक माहिती देणाऱ्या पुस्तकांत असेही सांगितलेले असते की, व्हिटलने हा शोध विद्यार्थी असताना एका निबंधातच मांडला होता. ही दुसरी गोष्ट ऐकायला छान वाटते, वर्गात सांगायलाही सोयीची आहे; पण ती खरी नाही. व्हिटलने १९२८ मध्ये निबंध लिहिला होता हे खरे. मात्र आज ज्याला आपण जेट इंजिन म्हणतो ते त्या निबंधात नव्हते. मग त्यात काय होते, आणि ते अपुरे असूनही मोलाचे का ठरले, हे समजायचे असेल तर ज्या शाळेत तो लिहिला गेला तिची हकीकत आधी पाहायला हवी. ही शाळा म्हणजे इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील हवाई दलाचे महाविद्यालय.

क्रॅनवेल हे लिंकनशायर परगण्यातील एक लहान खेडे. स्लीफर्ड हे त्याच्या जवळचे बाजाराचे गाव. आसपास सपाट शेते आणि उघडा माळ. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, ब्रिटिश नौदलाला आपल्या वैमानिकांच्या शिक्षणासाठी जागा हवी होती. त्या काळी लष्कराची विमाने वेगळी आणि नौदलाची वेगळी असत. नौदलाने ही जमीन ताब्यात घेतली, लाकडाच्या आणि पन्हाळी पत्र्याच्या बराकी उभ्या केल्या आणि १ एप्रिल १९१६ रोजी शिक्षण सुरू झाले. समुद्रापासून दूर अशा या तळाला नौदलाच्या रिवाजाप्रमाणे नाव मिळाले ते मात्र जहाजाचे : 'डिडॅलस'. ग्रीक पुराणात पंख तयार करून उडालेला कारागीर तो हाच. येथे विमानांबरोबर फुगे आणि वायुनौका चालवण्याचेही शिक्षण मिळे. सामान आणि माणसे ने-आण करण्यासाठी स्लीफर्डपासून रेल्वेचा एक फाटाच टाकण्यात आला. १ एप्रिल १९१८ रोजी लष्कराचे आणि नौदलाचे विमानविभाग एकत्र करून 'रॉयल एअर फोर्स' हे स्वतंत्र दल स्थापन झाले आणि क्रॅनवेल त्याच्याकडे आले.

युद्ध संपताच पैशांची ओढाताण सुरू झाली. विमाने मोडीत निघाली, माणसे घरी गेली. हे नवे दल पुन्हा लष्कर आणि नौदल यांच्यात वाटून टाकावे असे म्हणणारे पुष्कळ होते. हवाई दलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांनी यावर जो उपाय शोधला तो आम्हाला विशेष वाटतो. थोडा पैसा हाती होता. त्यातला मोठा भाग त्यांनी विमानांऐवजी शाळांवर घातला. दल लहान राहिले तरी चालेल, पण त्याचे शिक्षण त्याचे स्वतःचे असले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. अधिकाऱ्यांसाठी क्रॅनवेल, कारागिरांसाठी हॉल्टन आणि पुढे वरिष्ठांसाठी अँडोव्हर अशी त्यांची आखणी होती. ५ फेब्रुवारी १९२० रोजी क्रॅनवेलचे छात्र महाविद्यालय सुरू झाले. स्वतंत्र हवाई दलाचे असे हे जगातले पहिले महाविद्यालय मानले जाते. शहरापासून इतके दूर का, असे विचारणाऱ्यांना ट्रेंचर्ड यांचे उत्तर असे की, मुले तेथे अडकून पडली की स्वतःचे खेळ आणि छंद स्वतःच उभे करतील, आणि खर्चही कमी लागेल. यातले खरे कारण बहुधा शेवटचे असावे! नौदलाच्या बराकी आयत्या मिळाल्या होत्या. घुमटाची ती सुप्रसिद्ध इमारत, जिची छायाचित्रे आपण पाहतो, तिचे उद्घाटन व्हायला १९३४ साल उजाडले. तोपर्यंतच्या सगळ्या तुकड्या पत्र्याखाली शिकल्या.

लष्करी शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कवायत येते. ती येथेही होतीच. पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात विज्ञान आणि यंत्रशास्त्र यांना मोठी जागा होती, आणि छात्रांना शास्त्रीय विषयावर निबंध लिहावा लागे. विमान उडवणाऱ्याला ते का उडते हेही सांगता आले पाहिजे, ही अपेक्षा त्यामागे होती.

याच माळावर दुसरी एक शाळाही भरत असे. हॉल्टनच्या इमारती अपुऱ्या असल्याने शिकाऊ कारागीर मुलांची एक शाखा क्रॅनवेललाच होती. पंधरा-सोळा वर्षांची ही मुले तीन वर्षे धातुकाम, जोडणी, इंजिनांची दुरुस्ती शिकत. छात्र बहुतेक पैसेवाल्या घरांतले, त्यांच्या पालकांना फी भरावी लागे. शिकाऊ मुले कामगारांच्या आणि लहान दुकानदारांच्या घरांतली. दोघांचे जेवणघर वेगळे, पोशाख वेगळा, भवितव्य वेगळे. ट्रेंचर्ड यांनी या दोन शाळांमधल्या भिंतीत एक अरुंद दार ठेवले होते : दर वर्षी कारागीर मुलांपैकी अगदी थोड्यांना, गुणवत्तेवर, छात्र म्हणून घेतले जाई.

फ्रँक व्हिटल त्या दारातून आला, आणि तोही जेमतेम. त्याचा जन्म १९०७ मध्ये कॉव्हेंट्री येथे झाला. वडील कारागीर; त्यांचा लहानसा कारखाना होता आणि मुलगा तेथे हाताखाली काम करी. जानेवारी १९२३ मध्ये तो हॉल्टनला गेला. लेखी परीक्षेत उत्तम गुण, पण उंची केवळ पाच फूट आणि छाती अरुंद. दोन दिवसांत त्याला परत पाठवले गेले. तेथल्या एका व्यायामशिक्षकाने त्याला आहार आणि व्यायाम लिहून दिला. सहा महिन्यांत त्याची उंची तीन इंच वाढली आणि छातीही तितकीच भरली. तरी पुन्हा नकारच. एकदा नापास झालेल्याला दुसरी संधी नाही असा नियम! तेव्हा त्याने नाव बदलून नव्याने अर्ज केला आणि या वेळी क्रॅनवेलला त्याची निवड झाली. सप्टेंबर १९२३ मध्ये तो शिकाऊ मुलांत दाखल झाला. नियम मोडून आलेल्या या मुलाला तेथील शिस्त फारशी रुचली नाही. त्याचा जीव रमला तो विमानांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या मुलांच्या मंडळात. १९२६ मध्ये छात्रपदासाठी पाच जागा होत्या आणि व्हिटलचा क्रमांक होता सहावा. पहिला आलेला मुलगा वैद्यकीय तपासणीत अडला, म्हणून त्याला जागा मिळाली. ज्या तपासणीने त्याला दोनदा बाहेर ठेवले होते तिनेच तिसऱ्या वेळी आत घेतले.

(जाता जाता : व्हिटल शिकाऊ असतानाच्या काळात, १९२५-२६ मध्ये, 'शॉ' या नावाचा एक साधा शिपाईही क्रॅनवेलला होता. अरबस्तानातल्या लढाईमुळे जगप्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स तो हाच. प्रसिद्धी चुकवण्यासाठी तो नाव बदलून तेथे राहिला होता.)

आता माळाकडे वळू. क्रॅनवेलची धाव लांब होती आणि समोर डोंगर किंवा दाट वस्ती नव्हती. त्यामुळे इंधनाने ठासून भरलेल्या जड विमानांना उड्डाणासाठी ही जागा सोयीची होती. २० मे १९२७ रोजी कार आणि गिलमन हे दोघे येथून भारताच्या दिशेने निघाले आणि सुमारे ५,५०० किलोमीटर अंतर कापून इराणच्या आखातात उतरले. न थांबता केलेल्या प्रवासाचा हा विक्रम होता. पण त्याच सुमारास लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला पोचला आणि विक्रम काही तासांत मोडला. २४ एप्रिल १९२९ रोजी जोन्स-विल्यम्स आणि जेन्किन्स हे फेअरी कंपनीच्या एकपंखी विमानातून बंगळूरला जाण्यासाठी क्रॅनवेलहून उडाले. समोरून वारा लागला, इंधन पुरेना, म्हणून ते कराचीला उतरले. तरीही सुमारे ६,६५० किलोमीटरचा प्रवास त्यांनी पन्नास तासांहून थोड्या अधिक वेळात केला होता. इंग्लंडहून भारतात न थांबता झालेले हे पहिले उड्डाण. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेकडे जाताना हे दोघेही ट्युनिशियात विमान कोसळून मरण पावले. १९३३ मध्ये त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाने क्रॅनवेलहून नैर्ऋत्य आफ्रिकेतील वॉल्विस बे गाठले : सुमारे ८,५०० किलोमीटर, ५७ तास २५ मिनिटे.

या आकड्यांचा भागाकार करून पाहा. वेग येतो ताशी १३०-१५० किलोमीटर. म्हणजे दूर जायचे तर हळू जावे लागे. १९२७ च्या मे महिन्यात कार आणि गिलमन उडाले तेव्हा व्हिटल तेथे छात्र होता, आणि पुढच्या वर्षी त्याने निबंधासाठी जो विषय घेतला तो होता विमानरचनेतील भावी सुधारणा. त्याने विचारलेला प्रश्न असा : खूप दूर आणि खूप वेगाने, दोन्ही एकदम जमेल का?

त्याचे उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसणारे आहे. विमानाला वर उचलून धरणारे बल आणि त्याला मागे ओढणारा हवेचा रोध ही दोन्ही हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या गुणाकारावर अवलंबून असतात. १२ किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीवरच्या जवळजवळ चौथाई असते. घनता चौथाई आणि वेग दुप्पट केला तर गुणाकार तोच राहतो. म्हणजे तितक्याच रोधाला तोंड देत विमान दुप्पट वेगाने जाईल. उंच जा म्हणजे वेग जवळपास फुकट मिळेल, असे हे गणित. त्या काळची लढाऊ विमाने ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास उडत. हा एकवीस वर्षांचा मुलगा ताशी आठशेची भाषा बोलत होता.

पण 'जवळपास फुकट' यातच मेख आहे. रोध तोच आणि वेग दुप्पट म्हणजे लागणारी शक्ती दुप्पट. आणि नेमके तेथेच साधे पिस्टनचे इंजिन गुदमरते, कारण त्याच्या प्रत्येक श्वासात चौथाईच हवा येते. विरळ हवेत पंख्याची पकडही कमी होते. म्हणून व्हिटलने निबंधात दोन पर्याय तपासले : अग्निबाण, आणि वायूवर चालणारी टर्बाइन. मात्र या टर्बाइनने त्याच्या कल्पनेत पंखाच फिरवायचा होता. अर्धे उत्तर त्याला सापडले होते, अर्धे नव्हते. शाळेने या अर्ध्या उत्तराला बक्षीस दिले. वायुविज्ञानासाठीचे फेलोज पारितोषिक त्याला मिळाले आणि तुकडीत दुसरा येऊन तो बाहेर पडला. विमान चालवण्यातही तो पहिल्या प्रतीचा होता. अंतिम स्पर्धेत मात्र धोकादायक कसरती केल्याबद्दल बाद झाला.

उरलेले अर्धे उत्तर त्याला क्रॅनवेल सोडल्यावर, १९२९ च्या शरद ऋतूत, विटरिंग येथे प्रशिक्षकाचे शिक्षण घेताना सापडले. आधी त्याने पिस्टनच्या इंजिनाने नळीतला पंखा फिरवून मागे झोत सोडण्याचा विचार केला. हिशेब केल्यावर त्यात काही फायदा दिसेना. मग लक्षात आले की त्या इंजिनाच्या जागी टर्बाइनच बसवली तर? हवा दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे, तापलेल्या वायूने टर्बाइन फिरवून तिच्याकडून फक्त हवा दाबण्याचे काम करून घ्यायचे आणि उरलेला वायू तसाच जोराने मागे सोडायचा. पंखा लागतच नाही. एका सहकारी प्रशिक्षकाला पेटंटच्या कामाची माहिती होती. त्याच्या मदतीने १६ जानेवारी १९३० रोजी अर्ज दाखल झाला.

हवाई मंत्रालयाने ही कल्पना अव्यवहार्य ठरवली. 'सरकारी खात्याचा मूर्खपणा' असे म्हणून पुस्तके येथे पुढे जातात. आम्हाला ते पटत नाही. ज्यांनी हे मत दिले ते ए. ए. ग्रिफिथ स्वतः टर्बाइनचे मोठे अभ्यासक होते. त्यांची अडचण एका साध्या उदाहरणाने दाखवता येईल. समजा, आदर्श टर्बाइन १०० एकक काम देते आणि आदर्श दाबयंत्राला ५० एकक लागते. दोन्ही ८० टक्के कार्यक्षम असतील तर टर्बाइन ८० देईल, दाबयंत्र ५० ऐवजी ६२.५ घेईल आणि हाती १७.५ उरतील. आता दोन्ही ७० टक्केच कार्यक्षम आहेत असे समजा. टर्बाइन देईल ७० आणि दाबयंत्र मागेल ७१.४. हे इंजिन स्वतःलासुद्धा फिरवू शकणार नाही. त्या काळातली दाबयंत्रे पाहता ग्रिफिथ यांची शंका रास्त होती.

परंतु व्हिटलच्या हिशेबात आणखी एक गोष्ट होती आणि ती क्रॅनवेलच्या निबंधातून आलेली होती : उंची. हवा दाबण्यासाठी लागणारे काम तिच्या मूळ केवल तापमानाच्या प्रमाणात असते. जमिनीवर हे तापमान सुमारे २८८ केल्व्हिन, तर १२ किलोमीटरवर सुमारे २१६, म्हणजे पाऊणपट. तेव्हा आदर्श दाबयंत्राला ५० ऐवजी ३७.५ पुरतील आणि ७० टक्के कार्यक्षमतेचे दाबयंत्र ५३.६ घेईल. टर्बाइनचे ७० कायम धरले तर हाती १६.४ उरतात! जमिनीवर जे यंत्र निरुपयोगी, तेच थंड हवेत उपयोगी. उंचीवर साधे इंजिन दुबळे होते, तर या इंजिनाच्या कार्यक्षमतेला उंची पोषक ठरते. शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. वेगवेगळ्या कार्यक्षमता घालून मुले तो आवडीने करतात, असा आमचा अनुभव आहे.

पुढची वर्षे निराशेची गेली. मंत्रालयाला गरज वाटली नाही म्हणून पेटंट गुप्तही ठेवले गेले नाही. ते कोणालाही वाचता येत होते. जानेवारी १९३५ मध्ये नूतनीकरणासाठी पाच पौंड भरायचे होते. व्हिटल तेव्हा हवाई दलातर्फे केंब्रिजला शिकत होता. मंत्रालयाने पैसे भरायला नकार दिला, व्हिटललाही ते परवडेनात आणि पेटंट संपुष्टात आले. काही महिन्यांतच त्याला एक पत्र आले. रॉल्फ डडली-विल्यम्स हा त्याचा क्रॅनवेलचा सोबती. आजारपणामुळे तो दलातून बाहेर पडला होता आणि त्या इंजिनासाठी पैसा उभा करता येईल का, असे विचारत होता. त्यातून १९३६ मध्ये 'पॉवर जेट्स' ही छोटी कंपनी निघाली. १२ एप्रिल १९३७ रोजी पहिले इंजिन चाचणीसाठी सुरू केले तेव्हा ते बेफाम वेग घेऊ लागले आणि आजूबाजूची माणसे पळाली. पण ते चालले.

जर्मनीत हान्स फोन ओहाइन यांनी हाच मार्ग स्वतंत्रपणे धरला होता. त्यांना विमानकारखानदार हाइंकेल यांचे पाठबळ लवकर मिळाले, आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजी पहिले जेट विमान उडाले ते जर्मनीत. 'पहिला कोण' असे मुलांनी विचारले तर पेटंट व्हिटलचे आधी आणि उड्डाण जर्मनांचे आधी, असे दोन भागांचे उत्तर द्यावे लागते.

ब्रिटनच्या विमानाचे नाव 'ग्लॉस्टर ई २८/३९'. त्याच्या इंजिनाचा रेटा अवघा ३९० किलोग्रॅम वजनाइतका, म्हणून लांब धाव आणि मोकळा परिसर हवा. निवड झाली ती क्रॅनवेलची. १५ मे १९४१ रोजी दिवसभर हवा खराब होती. संध्याकाळी आभाळ उघडले आणि पावणेआठच्या सुमारास जेरी सेयर यांनी विमान उचलले. ते १७ मिनिटे हवेत होते. नळीत पंखा घालण्याचाही नाद सोडून जी कल्पना उभी राहिली होती ती तिच्या जनकाच्या डोळ्यांदेखत त्याच माळावरून उडाली, ज्याच्या कडेच्या बराकीत तेरा वर्षांपूर्वी त्याने तो अपुरा निबंध लिहिला होता.

क्रॅनवेलशी आपला भारतीयांचाही संबंध आहे. स्कीन समितीने १९२६ मध्ये भारतीय तरुणांना येथे प्रवेश मिळावा अशी शिफारस केली. त्यानुसार १९३० मध्ये पहिले सहा भारतीय छात्र क्रॅनवेलला दाखल झाले. १९३२ मध्ये त्यांचे शिक्षण पुरे झाले आणि ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. त्याची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी उभी राहिली ती कराचीजवळ ड्रिग रोड येथे, जेथे १९२९ चे ते विमान उतरले होते. सहांपैकी पाच जण वैमानिक झाले. सहावे जे. एन. टंडन यांची उंची कमी पडली, म्हणून त्यांना जमिनीवरील पुरवठ्याचे काम पत्करावे लागले. उंचीचा नियम त्यांच्या बाबतीत वाकला नाही.

पाच वैमानिकांतले सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्यानंतर आलेले ॲस्पी इंजिनियर हेही क्रॅनवेलचेच. १९३० च्या आगाखान पारितोषिकाच्या शर्यतीत जे. आर. डी. टाटांना मागे टाकणारा तरुण तो हाच. तिसरे अर्जन सिंग १९३८ मध्ये क्रॅनवेलला गेले होते. १९५४ पासून १९६९ पर्यंत आपल्या हवाई दलाचे तिन्ही प्रमुख त्या एकाच शाळेत शिकलेले होते. पुढे ही गरज राहिली नाही. १९५५ पासून पुण्याजवळ खडकवासल्याची प्रबोधिनी आहे आणि हैदराबादजवळ दुंडिगल येथे १९७१ पासून हवाई दलाची स्वतःची अकादमी आहे.

व्हिटल यांना १९४८ मध्ये 'सर' हा किताब आणि एक लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले. १९७६ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि ऑगस्ट १९९६ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या अस्थी विमानाने इंग्लंडला आणण्यात आल्या. त्या क्रॅनवेलच्या चर्चमध्ये ठेवल्या आहेत.